न चढलेल्या जिन्याचं शून्य

३ जून

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

तुमच्या संशोधन केंद्राच्या इथल्या शाखेचं पत्र आलं. माझ्या उजव्या गुडघ्यात 'लक्षणीय सुधारणा' झाली असून सोमवारपासून मला व्यायामाला यायची गरज नाही, असं त्यात छापलंय. वर अभिनंदनही आहे. तो गुडघा आत्ता खुर्चीतून उठताना गंजक्या बिजागरीसारखा करकरला.

अठराव्या वर्षी बास्केटबॉल खेळताना याच गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी करकचून पट्टी बांधली आणि प्रार्थना करायला सांगितली. त्या दुखापतीतूनच आता ही झीज होते, हे तूच मला शिकवलंस. म्हणून तर तुझ्या संशोधनासाठी माझा गुडघा दिला. व्यायाम घेणाऱ्या मुलीकडे तक्रार केली, तर ती गोड हसून म्हणाली की आजी, कॉम्प्युटरच तसं सांगतोय. बत्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं, पण इतकं ढ उत्तर एकीनेही दिलं नव्हतं.

मला याचा जाब हवा, आणि तो तुझ्याकडून.

तुझी मावशी

९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्याकडे नावं येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. तुझा कोणता, ते मला कळता कामा नये, तेव्हा सांगू नकोस. सुधारणा ठरते ती तुम्ही दर महिन्याला भरता त्या तक्त्यावरून, आणि त्यात सगळ्यात वजनदार प्रश्न जिन्याचा. तिथे काय लिहिलंस? एका अनुस्वारासाठी अर्धा गुण कापणारी बाई उगाच सढळ होणार नाही.

माझा शोधनिबंध तीस तारखेला जायचाय. व्यायाम करणाऱ्या गटाच्या जिन्यावरच्या वेदना निम्म्यावर आल्यात, सर खूश आहेत. मला इथे पुढची तीन वर्षं ठेवायचं की नाही, ते यावरच ठरेल.

वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टकाकूंशी धरलेला अबोला सोडलास का? पत्त्यांच्या डावावरून सात महिने कुणी रुसतं?

तुझी टिचकी

१४ जून

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

शून्य लिहिलं. दर महिन्याला शून्यच लिहिते. तुमचा प्रश्न असा: 'गेल्या आठवड्यात जिना चढताना किती वेदना झाल्या? शून्य ते दहा.' मी तळमजल्यावर राहते आणि नोव्हेंबरपासून एकही जिना चढलेले नाही. न चढलेल्या जिन्याच्या वेदना किती? तूच सांग.

सिस्टर म्हणायच्या, विचारलंय तेवढंच लिहा, पाल्हाळ लावलंत तर गुण जातील. मी चढते का, हे मला कुणी विचारलंच नाही. ज्या शहाण्याने हा प्रश्न काढला, त्याला बाकावर उभं करा.

टायपिस्टबाईंचा विषय नको. ती पत्ते लपवते.

लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा झिजू देऊ नकोस.

तुझी मावशी

२६ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तो शहाणा म्हणजे मी. तुझं पत्र वाचून जुने तक्ते पुन्हा काढले. शून्य लिहिणाऱ्या अठ्ठावन्न जणांना सगळ्या शाखांतून फोन करायला लावले. चौतीस जणांनी जिनाच सोडलाय. कुणी पलंग खाली आणला, कुणी गच्चीवरच्या कुंड्या वाटून टाकल्या. त्यातले बहुतेक व्यायामाच्या गटातले. आमच्या मुली त्यांना येता-जाता 'गुडघा जपा' म्हणायच्या, आणि त्यांनी तो असा जपला. आम्ही त्यांना बरे झालेल्यांत मोजलं.

सर म्हणाले, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलंय, निबंध जाऊ दे. मी तो थांबवला. माझ्या तीन वर्षांचं आता काही खरं नाही. स्वतःवर चिडलेय, आणि थोडी तुझ्यावरही. सात महिने शून्य लिहिताना एकदाही मला सांगावंसं वाटलं नाही?

नवा तक्ता सोबत आहे. तो भरून शाखेत दिलास की बंद झालेले व्यायाम पुन्हा सुरू होतील. या वेळी पाल्हाळ लाव.

तुझी टिचकी

२ जुलै

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

तक्ता शाखेत दिला. क्रमांक गाळून तुझ्यासाठी उतरवते.

जिना चढता का? नाही.

कधीपासून? नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

का? वरच्या मजल्याला बावीस पायऱ्या आहेत. पत्ते खेळायला निघाले होते. चौदाव्या पायरीवर गुडघा सटकला. टायपिस्टला हाक मारली असती तर ती आली असती, पण खुबा मोडल्यापासून तिला स्वतःलाच जिना उतरता येत नाही. आणि मला लाज वाटली. लहान पोरीसारखी बसत बसत खाली आले. दुसऱ्या दिवशी ती पत्ते लपवते, असं मीच सगळ्यांना सांगत सुटले. तेव्हापासून रोज दुपारी चारला ती काठीने फरशी ठोकते, आणि मी पंखा मोठा करते.

भांडण झालंच नव्हतं, टिचकी.

वेदना? दहा.

तुझ्या सरांना माझ्याकडे पाठव, माझ्याकडे एक जुना बाक अजून आहे.

आज चारला तिने ठोकलं, तेव्हा खुर्चीत बसूनच झाडूच्या लांब दांड्याने मी छत ठोकलं. मग वरून तिने अशी काही काठी आपटली की पंख्यावरची धूळ या कागदावर आली. खाली जो डाग दिसतोय तो तिचा. पुसलेला नाही.

तुझी मावशी