दाराकडे पाठ

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू बसवून दिलेलं दार दोन महिने झकास चाललंय. माणूस आत आला की आवाज न करता आपोआप मिटतं. आमच्या महिला मदत केंद्रात बायका घरची दुखणी सांगायला येतात, पण बाहेर चकार शब्द जात नाही. एवढं कौतुक पुरे, नाहीतर डोक्यावर बसशील.

काळजी वेगळीच आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेली एक बाई लेकीला घेऊन तिसऱ्यांदा आली. बाहेरच्या बाकावर लेकीशी बोलते, माझ्या खोलीत मात्र मिठाची गुळणी धरते. शुक्रवारी माझा अहवाल वरिष्ठांकडे जायचाय. ती बोललीच नाही तर दोघींना परत त्याच घरी पाठवतील. मला काही सुचत नाही रे.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, जरा सल्लाही दे.

तुझी,
धाकटी

५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी सुतार माणूस, तुमच्या कामात ढ. पण तुझी खोली पाहिलीय. येणारीची पाठ दाराकडे, समोर तुझं अगडबंब टेबल आणि मागे माझं दार गुपचूप मिटणार. कोंडून मार खाल्लेली बाई तिथे काय बोलेल? वहिनी म्हणते, मी तर नावसुद्धा सांगितलं नसतं. दार आपोआप मिटवणारी वरची दांडी काढ, दोनच स्क्रू आहेत, मग ते उघडं राहील. बसवण्याआधी विचारायला हवं होतं, चुकलंच माझं.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.

दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दांडी काढली, टेबल भिंतीला लावलं. शिपाईकाका कुरकुरले. बाईला म्हटलं, हवं तिथे बसा. तिने खुर्ची ओढली ती अशी, की दारही दिसावं आणि बाकावरची लेकही. मग दीड तास बोलली. नवरा आधी शांतपणे दार लावून घ्यायचा म्हणे. अहवाल गेला, दोघींची राहायची सोय झाली. मला रडूच आलं.

नंतर जुन्या कागदांचं कपाट उघडलं. या दोन महिन्यांत त्याच खुर्चीवर आणखी तिघी गप्प बसून गेल्या होत्या. तिघींच्या कागदांवर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलंय, सहकार्य करत नाही. काल तिघींना निरोप धाडले. दोघी येते म्हणाल्या. तिसरीला परत घरी पाठवलं होतं, आणि तिथे ती आता नाही.

मी शोधतेय. तोवर माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी