हिरवी झावळी

बाबा, माझ्या लग्नानंतर आपल्या कट्टा गावाहून एसटीने, रोप मांडीवर घेऊन आलात आणि सासरच्या खळ्याजवळ लावून गेलात, त्या माडाला काल भादरून टाकलं. शेंड्यात चार झावळ्या ठेवल्यात, खराट्यासारख्या. बाकीच्या हिरव्यागार खाली पडल्या होत्या. ज्यांच्या आधाराने नारळाच्या पेंडी टेकतात त्याच तोडल्या, आता दोन पेंडी मोडून लोंबत आहेत. चढणारा बाहेरचा. बुटांना लोखंडी खिळे लावून चढला आणि खोडाला खालपासून वरपर्यंत भोकं पाडली. माणसाची जखम भरते, माडाची भरत नाही. हे मी शेतीच्या मासिकात वाचलं. तुम्ही अक्षर न वाचता सांगत होता. आता त्या ओल्या वासावर भुंगा येईल आणि शेंडा पोखरेल.

मुंबईहून आलेला मुलगा मोबाईल पुढे करून म्हणतो, "आई, पावण्यांच्या डोक्यार माडाचा चुडत पडला तर? आणि फोटोत बघ, कसो चकाचक दिसता!"

"चकाचक? सुतकातलो दिसता, मेल्या! सुकलेला काढूचा असता. जित्याक कोण सोलता?"

"तुझो माड काय मरना नाय गो," म्हणून तो हसला.

आठवतं, बाबा? मी नऊ वर्षांची आहे. बाहुलीच्या मांडवासाठी ठेंगण्या माडाची हिरवी झावळी तोडली आहे. तुम्ही मारत नाही. माझा हात धरून सुकलेल्या झावळीला लावता. ती अलगद सुटते. मग हिरवीला लावता. ती हलत नाही. "ओढल्यार येता ता तुझा. येना नाय ता माडाचा." त्या दिवशी जेवायला तुम्हीच वाढलंत.

हे गेल्यापासून मी त्याच माडाखाली खुर्ची टाकून वाचते. आज पुस्तकावर ऊन होतं.

मुलाला मी नको नको ते बोलले. पण बाबा, महिन्यापूर्वी त्याने मुंबईहून फोन केला होता, "आई, पावण्यांका खोल्ये भाड्यान देवया. माड साफ करून घेव?" साफ म्हणजे काय, ते मी शेजारच्या वाडीत पाहिलं होतं. तरी "घे" म्हणाले. खोल्या चालल्या तर तो घरी येऊन राहील, म्हणून. काल त्याच्यावर ओरडताना हे माझ्या लक्षात होतं. त्याला अजून सांगितलेलं नाही. हा कागद, तुमच्यामागे माझ्याकडे राहिलेल्या तुमच्या कोयतीखाली ठेवते.