ओटीतला पेरू

१२ जानेवारी, मुडबी
पोचलो एकदाचे! गुलबर्ग्याच्या कोंदट खोलीतून सुटका झाली. प्रभुलिंगअण्णांनी त्यांच्या पेरूच्या बागेतच दोन खोल्या दिल्यात. दारात नळ, मागं न्हाणी, अजून काय पाहिजे? शैलश्रीला सातवा लागलाय, तरी बाई पदर खोचून घर लावायली. बस म्हणलं तर म्हणते, कीड शोधायची नोकरी तुमची, जाळ्या काढायची माझी. अण्णांनी मला ठेवलंय ते पांढऱ्या किडीसाठीच. कुठल्या परक्या मुलखातून रोपांवर बसून आली देव जाणे, आता बागाच्या बागा वाळवायली. बघतोच तिच्याकडं.

१५ जानेवारी
भिंगाखाली धरलं. काय बेणं हाय! पिल्लू मोहरीहून बारीक, गुलाबी, तुरूतुरू पळणारं. वाऱ्यावर, पोत्यावर, माणसाच्या कपड्यावर बसून गाव बदलतंय. मऊ जागा गावली की सोंड खुपसतं आणि बसतं. मग पाय गळतात. मादी त्यानंतर जागची हलत न्हाई. अंगातून पांढरं मेण सुटतं, त्याच्याखाली अंडी. अंडी वाढतात तशी आई आटत जाते, शेवटी तिचं नुसतं झाकण उरतं. तिच्या गोड पाण्यासाठी मुंग्या राखण करतात. जेवताना शैलाला हे सगळं सांगितलं आणि वर चिडवलं, आता तूबी बस गप एका जागी. तिनं लाटणं उगारलं.

१९ जानेवारी
नियम केला. पांढरं दिसलं की कापायचं आणि जाग्यावर जाळायचं, मग ते कुणाचंबी असू दे. बागेत येणाऱ्यानं चपला धुवायच्या, पोती झाडायची. गावाला गोष्ट पटली. अण्णा म्हणाले, गुरुबसव, तू आला ते बरं झालं बाबा.

२२ जानेवारी
शेजारच्या यल्लम्माअक्कांच्या परसातल्या पेरूंवर पांढरं निघालं. अक्कांनी पदर पसरला. एक तरी झाड ठेव, आमच्या मालकांनी मरायच्या आधी लावलंय म्हणाल्या. मी म्हणलं, एक ठेवलं काय आणि सगळी ठेवली काय. रॉकेल मीच ओतलं. ओली झाडं लवकर पेटत न्हाईत, दिवसभर धूर. म्हातारी त्या धुरातच बसून होती. मला वाईट वाटलं न्हाई, उगं खोटं कामून लिहू?

२५ जानेवारी
शैलाचा कुबसा झाला, म्हणजे डोहाळजेवण. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटी भरायला अंगणभर बाया. काय दिसायली होती म्हणून सांगू! यल्लम्माअक्का पण आल्या. त्यांनी ओटीत तांदूळ घातले, खोबरं घातलं, वर एक पेरू ठेवला. झाडं जळायच्या आधी तोडून ठेवलेला असणार. देठाशी कापसासारखं पांढरं होतं. मला दिसलं. पण पोटुशीची ओटी कोण तपासतंय? परत तर कुणीच करत न्हाई. बायांच्या देखत तोंड उघडवेना. अक्का शैलाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, माय, हे तू एकटीनंच खा. ओटीतलं टाकू नये म्हणून शैलानं तो देठासकट खाल्ला.

२ फेब्रुवारी
शैला भिंतीला टेकून बसायली. उठ म्हणलं की म्हणते, इथंच बरं वाटायलंय. पाय गार पडलेत. कानामागं पांढरं दिसलं. पुसलं. दुपारी परत आलं.

६ फेब्रुवारी
पाय चोळायला घेतले तर — साडीत पायच गावंनात. दवाखान्यात न्यावं म्हणलं, ती भिंतीवरून सुटंना. ओढलं तर किंचाळली. अण्णा विचारून गेले, वहिनी दिसत न्हाईत. माहेरी गेली म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगू? पांढरं दिसलं की जाळायचं, हे गावाला मीच शिकवलंय.

९ फेब्रुवारी
बोलत न्हाई आता. पाठ टणक झाली. मुंग्यांची रांग दारातून आत. मी जवळ गेलो की चावतात. शैलाचं पोट हलायलंय — एका लेकराचं एवढं हलणं नसतंय —

११ फेब्रुवारी
यल्लम्माअक्का खिडकीशी येऊन उभ्या. आत बघितलं. मी हात जोडले, पाया पडतो म्हणलो, आत लेकरू हाय. अक्का म्हणाल्या, अण्णांना सांगूनच आले. रॉकेल घेऊन यायलेत.

संध्याकाळ
दारावर थापा. अण्णा रडायलेत बाहेर. म्हणतात, तू तरी निघ रे, तुझा हात दे —
शैलाला उचललं. हलकी. आत काहीच न्हाई — सगळी आटली माझी शैला —
खाली गुलाबी. वळवळ. हातावर चढायलीत. झटकावं म्हणलं. झटकवेना. माझी हैत ती. काखेत, गळ्याशी, मऊ जागा धरून एकेक बसायलं. दुखत न्हाई. बाकीच्यांना जागा पुरंना. उपाशी हैत —
अण्णांचा हात मऊ हाय. कधी खुरपं न धरलेला. कडी काढतो. आलो म्हणतो, अण्णा, धरा मला, घट्ट —