आईने पाहिलेली ओहोटी

गुरु. ७ जुलै २०१६, हॅम्बर्ग
पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं. सही सोमवारपर्यंत हवी. बॉस म्हणाला, "आल्झो, म्हणजे तर मग, अभिनंदन!" मी नुसती हसले. नागपूरहून निघताना आईला शब्द दिला होता, तीन वर्षं आणि मग परत. बाबा गेल्यापासून ती घरात एकटी. ती इथे माझ्याकडे येऊन महिना झाला, पण मला इथेच राहायचंय हे माझ्या तोंडून फुटत नाही. शनिवारी समुद्रावर नेते, तिथे सांगते. घाबरट आहे मी.

शुक्र. ८
आईने आजवर समुद्र पाहिलेला नाही! तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, भरती-ओहोटी फळ्यावर रंगीत खडूंनी काढली, आणि सहल दरवर्षी रामटेकला. दशम्या, लसणाची चटणी बांधून झाली. गाडी पाहिली, पुढची बस पाहिली, हवामान तीनदा पाहिलं. जर्मनांनी शिकावं असं नियोजन.

शनि. ९, दुपार, कुक्सहाफेन
समुद्र नव्हता.

बांध चढून वर गेलो, आई पुढे, आणि समोर पाणीच नाही. नजर पोचेल तिथवर ओला करडा चिखल. सगळं पाहिलं होतं, फक्त भरतीची वेळ सोडून. इंजिनिअर म्हणे! लाजेने अर्धी झाले. "आई, सॉरी गं..."

ती ऐकतच नव्हती. "अगं, ही ओहोटी आहे," म्हणाली, अगदी हळू. "मी पोरांना सांगायची, पाणी मागं जातं. मला वाटे, दहा-पंधरा पावलं."

मग साडी खोचली, वर माझं विंडचीटर, चपला हातात, आणि निघाली. समुद्राच्या तळावरून! पायाखाली वाळूच्या वळ्या, शिंपले, किड्यांनी उपसलेल्या मातीच्या शेवया. लांबून घोडागाड्या ओळीने बेटाकडे चाललेल्या, जिथे एरवी जहाजं जातात. "टांगे! पाहून राहिली ना?" मी पाहत होते. पण जास्त तिच्याकडेच. अंगावर काटा आला. एवढं मोठं काहीतरी रोज दोनदा उठून जातं आणि परत येतं, आणि मी दोन तासांवर राहून तीन वर्षांत एकदाही आले नाही.

एका आजोबांनी घड्याळ दाखवून परत फिरायला सांगितलं. आईने त्यांना मराठीत थँक्यू म्हटलं, म्हणजे नमस्कार केला.

शनि., परतीच्या गाडीत
आई खिडकीशी. मी लिहून काढते.

एक श्ट्रांडकोर्ब भाड्याने घेतला, छपराची वेताची खुर्ची, दोघींपुरती. पाणी आलं ते कळलंच नाही. लाट नाही, गाज नाही. आधी चर भरले, मग मधली वाळू तुकड्या-तुकड्याने गेली, आणि आम्ही चाललो होतो तिथे शिडाच्या होड्या! आई हात जोडून बसलेली. डोळ्यांत पाणी. मी याच वेळी पत्राचं बोलले. वाईट वेळ निवडली, की चांगली, देव जाणे.

"तीन वर्षं म्हणाली होतीस."
"हो."
"झाली ना?"
"झाली."

मग तिने दशमी मोडून अर्धी मला दिली.

रवि. १०
आईचा मावशीला फोन. "जय भीम ताई, मी समुद्रात चालली काल! अगं खरंच, आतमध्ये!" तासभर तेच. पत्राबद्दल एक अक्षर नाही. तिला एवढं खूश बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आनंद झाला.

सोम. ११, सकाळी
चहा झाल्यावर आई म्हणाली, "आण ते पत्र. वाच." मराठी करत ओळ न् ओळ वाचली. ती शाळेत वह्या तपासायला बसायची तशी ताठ बसली होती.

"मुदत कधीपर्यंत लिहिली आहे?"
"मुदत नाही. कायम."
"आणि मला इथे एका खेपेला किती दिवस राहू देतात?"
"नव्वद."
"बरं," म्हणाली, आणि टेबलावरचा पेन उचलून माझ्यासमोर ठेवला.

ऑफिसची आठ चाळीसची बस गेली. सही न करता अजून तशीच बसले आहे.