विठ्ठलची नाडी

मनवेलपाडा, विरार (पूर्व)

प्रिय मयूर,

तुझा तक्रारअर्ज परवा कुरियरने मिळाला. विठ्ठलच्या मृत्यूला हॉस्पिटलची डॉक्टर जागृती जबाबदार आहे, रिपोर्ट यायच्या आधीच तिने मी दिलेलं, व्यवस्थित चाललेलं औषध बदललं, असं तू लिहिलं आहेस आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही मागितली आहेस. तुझा संताप मला कळतो. तेराव्याला तू माझ्या पाया पडलास तेव्हाच मी बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

तुझे बाबा आणि मी आगाशीच्या शाळेत एका बाकावर वाढलो. त्याची केळीची वाडी, रक्तदाब, यशोदावहिनींची पाठ वळली की चहात पडणारी साखर, सगळं मला पाठ होतं. इतकं पाठ, की तीस वर्षांत मी त्याला रुग्णासारखं काही विचारलंच नाही. तो खुर्चीत टेकायच्या आत मी औषध लिहीत असे, आणि त्याची मला ऐटही होती. दिवाळीनंतर तो तापाने फणफणून आला. ताप एकशे चार, जुलाब, डोकेदुखी, थोडा कोरडा खोकला. नाडी मात्र चौऱ्याऐंशी. एवढ्या तापात नाडी सव्वाशेकडे धावायला हवी. ती मागे राहिली की टायफॉइड समजायचा, हे मी कॉलेजात शिकलो आणि पुढे दुसरं काही शिकायची तसदी घेतली नाही. टायफॉइडची विडाल टेस्ट जेमतेम पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे ती निम्म्या गावाची तशी येते. मी टायफॉइडची इंजेक्शनं सुरू केली.

चौथ्या दिवशीही ताप हटला नाही. पाचव्या दिवशी तो वहिनींना केळीचा टेम्पो भरला का म्हणून विचारू लागला. वाडी विकून सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, ताप डोक्यात गेलाय, उतरेल. तू बंगळुरूहून दोनदा फोन केलास, एक्स-रे काढू का, मोठ्या डॉक्टरांना दाखवू का म्हणालास. इंटरनेट वाचून डॉक्टर होता येत नाही, असं मी तुला सुनावलं. आठवत असेल तुला. मला तर रोज आठवतं.

सहाव्या दिवशी धाप लागली तेव्हा त्याला हॉस्पिटलात नेलं. जागृती माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. तिने छाती ऐकली, खालच्या बाजूला करकर होती. मंद नाडी, जुलाब, भ्रम, रक्तात सोडियम उतरलेलं, इंजेक्शनांना दाद नाही, हे सगळं तिने एकत्र मांडलं आणि वहिनींना विचारलं, गेल्या दहा दिवसांत ह्यांनी पाण्याचं काही काम केलं होतं का. वहिनी म्हणाल्या, हो. दिवाळीच्या सुट्टीनंतर, वाडी विकल्यापासून तो कामाला जायचा त्या वालीवच्या कारखान्यात, गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधलं शेवाळ त्याने स्वतः घासलं होतं. आठ दिवस साचलेलं पाणी, त्याचे तुषार नाकातोंडात. लीजनेअर्सचा, म्हणजे साचलेल्या पाण्यातल्या जंतूंचा न्यूमोनिया असावा, असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं आणि रिपोर्टची वाट न पाहता योग्य ते औषध चालू केलं. लघवीच्या तपासणीत तेच निघालं. पण तोवर पाच दिवस मी खाल्ले होते. दोन दिवसांनी तो गेला.

टॉवरच्या कामात विठ्ठलसोबत पाइप धरणारा प्रल्हाद, विठ्ठलला हॉस्पिटलात नेल्यावर दोन दिवसांनी तापला. जागृतीने कारखान्यात फोन करून ठेवला होता, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी ते औषध मिळालं. तो आता हिंडतोफिरतो. परवा दवाखान्यासमोरून गेला तेव्हा मी पडदा ओढून घेतला, कारण विठ्ठलही असाच हिंडला असता.

काल सकाळी वहिनींना हे सगळं सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा विचारला नाही, दार लावून घेतलं. बरोबरच केलं. तुला मात्र फोन केला नाही. फोनवर मी रडलो असतो, आणि तू लहानपणापासून मऊ मनाचा, मला माफ करून मोकळा झाला असतास. म्हणून कागदावर लिहिलं. केसपेपर आणि विडालचा रिपोर्ट सोबत पाठवतो आहे, हे पत्रही त्यांना जोड. अर्जात जागृतीचं नाव आहे तिथे माझं घाल. नोंदणी क्रमांक खालच्या शिक्क्यात आहे.

तू म्हणशील तोवर तुझाच,
सदाकाका
(डॉ. सदानंद सावे)