अकराव्या महंतांचे पान

मी, चिमाजी सखाराम वाघोले, वय सत्त्याहत्तर, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे.

१. राहते घर व विहिरीजवळचे शेत थोरला मुलगा कुंडलिक याचे. त्याने मला सांभाळले, माझा तिरसट स्वभाव सोसला.

२. बखर लिहायची पितळी दौत मठाचे विश्वस्त गेणभाऊ यांना द्यावी. "पळपुट्याचं नाव गादीला कशाला? काढून टाका, राव," असे तेच म्हणाले होते. त्यांनी नुसते सांगितले, केले मी. तरी दौत त्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे.

३. आता बखर. गावच्या मठातील महंतांची चरित्रे आमचे घराणे पाच पिढ्या लिहीत आले. बखर आमच्या मालकीची. दर उत्सवाला ती मठात वाचतात आणि प्रत्येक महंताच्या नावाला घंटेचा एक टोल देतात. धाकटा रामदास नऊ वर्षांचा असताना मीच त्याला मठाला वाहिला. १९९४ साली तो अकरावा महंत झाला. दोन वर्षांनी गादी सोडून त्याने तळेघरच्या जयाशी लग्न केले. मी त्याचे पान फाडले आणि त्याच्यामागून आलेल्या महंतांना अकरावे म्हणून लिहिले.

त्या साली उत्सवात रामदास मागे उभा राहून सगळे ऐकत होता. वाचन संपल्यावर जवळ आला. "आबा, दोन वर्षं मी व्हतो ना तिथं?" मी मान वर न करता बखर रुमालात बांधत राहिलो.

२००३ च्या पावसाळ्यात तो तापाने गेला. तळेघरहून दवाखान्यात न्यायला गाडी वेळेत मिळाली नाही. त्याच्या घराचा उंबरा मी तोवर पाहिलाही नव्हता. पोटचे पोर मी आधी मठाला देऊन टाकले, मग कागदावरूनही पुसले. हे दुःख मला जगू देत नाही.

४. बखर सून जया हिला द्यावी. त्यात नवे पान शिवून वर रामदासचे नाव घातले आहे. खालचा मजकूर तीन वर्षे झाली तरी लिहिणे जमत नाही. दहा महंत काय जेवत, कशाला हसत, सगळे मला पाठ आहे. माझ्या मुलाला काय आवडायचे, ते मला ठाऊक नाही. पोरी, ते तूच लिही.

सही : चिमाजी सखाराम वाघोले
साक्षीदार : १. जानकू धोंडिबा लेंडे (सही)
२. ठकूबाई मारुती काकडे (डाव्या हाताचा अंगठा)
पिंपळवंडी, १२ नोव्हेंबर २००६