प्रमोदिनीचे पाय

३ जून
आज केलं ते कुणाला सांगणार नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून प्रमोदिनीच्या नि माझ्या गोळ्या बदलल्या.

रक्तदाबाची जुनी गोळी बरी की नवी, याचा अभ्यास नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात चालू आहे. आम्ही दोघी त्यात आहोत. कुणाला कुठली गोळी ते सांगत नाहीत. दिसायला सगळ्या सारख्या, बाटलीवर फक्त क्रमांक. पण प्रमोदिनीचे पाय सुजलेत. नव्या गोळीनं सुजतात, असं फोनवर वाचलं होतं. म्हणजे नवी तिला, जुनी मला! ती डॉक्टर रुचाला सांगायला निघाली होती. मी अडवलं — सांगितलंस तर अभ्यासातून काढतील. ती तिकडे शहराच्या टोकाला तांबरमला, मी इथे. मग महिन्यातली ही एक भेटही जाईल.

"तू शाळेपासूनच आगाऊ," म्हणाली आणि बाटली पुढे केली. कॉन्व्हेंट शाळेत डबे असेच बदलायचो. सिस्टरची पाठ वळली की माझी पोळी-भाजी तिकडे, तिचा चिंचभात इकडे.

९ जून
फोन केला. पाय हलके वाटतात म्हणाली. बरं झालं.

२२ जून
माझे पाय काही सुजत नाहीत. रोज अंगठ्यानं दाबून पाहते.

१ जुलै
तपासणी. प्रमोदिनी जिन्यात दोनदा थांबली. वय झालं आपलं, म्हटलं मी.

रुचानं विचारलं, काही त्रास? दोघींच्या वतीनं मीच 'नाही' म्हणाले. प्रमोदिनीनं साडी घोट्यांवर ओढली. रुचा माझ्या लेकीच्या वयाची. आमचे आकडे किती मन लावून लिहीत होती — खोटे आकडे!

शाळेत कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या, पाद्रीला पाप सांगून हलक्या होऊन यायच्या. आम्हा बाकीच्यांना ती सोय नव्हती.

४ जुलै
प्रमोदिनीच्या सुनेचा, तनयाचा फोन. सासूबाईंना आडवं होता येत नाही, दम लागतो. दवाखान्यात ठेवलंय.

धावत रुचाकडे गेले, सगळं सांगितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "सूज कधीपासून, मावशी?" एवढंच विचारलं. मे अखेरपासून, म्हणाले.

संध्याकाळी प्रमोदिनीपाशी बसले. नाकाला ऑक्सिजनची नळी. तुला वाईट वाटू नये म्हणून पाय हलके म्हटलं गं, म्हणाली.

५ जुलै
रुचानं आमचे क्रमांक उघडून कुणाला कुठली गोळी ते बघायला लावलं. दोघींनाही जुनीच गोळी होती. त्या गोळीनं पाय सुजत नाहीत. सूज हृदयाची होती — आणि प्रमोदिनी ती सांगायला निघाली होती.